हू शी : देव फोडायला निघालेला मुलगा

परीक्षा जवळ आली की कुठल्याही हॉस्टेलमध्ये तीन गट पडतात. पहिला गट सकाळी आंघोळ करून देवळात जाऊन येतो. दुसरा गट पहिल्याची टिंगल करतो. तिसरा गट सर्वांत मोठा. देव आहे की नाही या भानगडीत तो पडत नाही, पण पेपरला जाताना वाटेत देऊळ लागले तर हात मात्र जोडतो. न जाणो!

चीनबद्दल आपला समज असा, की तिथे सगळेच दुसऱ्या गटातले. कम्युनिस्टांचा देश, देवाधर्माला सुट्टी, विषय संपला. पण प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने २०२३ साली चीनमधल्या वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे आकडे एकत्र करून अहवाल काढला, तेव्हा चित्र वेगळेच निघाले. आपण अमुक धर्माचे, असे सांगणारे प्रौढ जेमतेम १० टक्के. पण वर्षातून एकदा तरी घरच्यांच्या थडग्यावर जाऊन येणारे ७५ टक्के आणि फेंगशुई मानणारे ४७ टक्के! म्हणजे तिथेही बहुमत तिसऱ्या गटाचेच.

हा काय प्रकार आहे हे समजून घ्यायचे तर एका माणसाचे आयुष्य बघावे. त्याचे नाव हू शी. तत्त्वज्ञ, लेखक, राजदूत, कुलगुरू आणि आयुष्यभर पक्का नास्तिक. गंमत म्हणजे त्याची नास्तिकता अमेरिकेतून आलेली नव्हती. ती त्याला खेड्यातल्या शाळेत, जुन्या चिनी पुस्तकांत सापडली. आणि ज्या आईने त्याला वाढवले ती मात्र रोज उदबत्ती लावणारी होती.

दारावरची पट्टी

हू शीचा जन्म १७ डिसेंबर १८९१ चा, शांघायजवळचा. मूळ गाव आन्हुई प्रांतातल्या जीशी तालुक्यातले शांगच्वांग. वडील हू च्वान हे सरकारी अधिकारी आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतले कडक विचारांचे गृहस्थ. भिक्षू आणि ताओपंथी पुजारी यांच्याशी या घराचा संबंध नाही, अशा अर्थाची कागदी पट्टी त्यांच्या घराच्या दारावर चिकटवलेली असे.

या वडिलांची एक गोष्ट आपल्या सिव्हिलवाल्यांना आवडेल. १८८७ साली चंगचौजवळ पीत नदीचा बांध फुटला आणि प्रचंड पूर आला. खिंडार बुजवायच्या कामावर १८८८ मध्ये हू च्वान होते. कामावरचे भलेभले अधिकारी पाण्यात सापडणाऱ्या सापांना नदीचे देव समजून त्यांची पूजा करत. हू च्वान यांनी त्यावर खिल्ली उडवणाऱ्या कविता लिहिल्या. बांध मातीने आणि माणसांच्या मेहनतीने बुजतो, सापाने नव्हे, हे त्यांचे साधे म्हणणे.

हू शी चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १८९५ मध्ये, वडील वारले. आई फेंग शुन्दी ही त्यांची तिसरी बायको, नवऱ्यापेक्षा बत्तीस वर्षांनी लहान. ऐन तेविशीत विधवा झालेली, फारसे शिक्षण नसलेली बाई, आणि घरात जवळजवळ तिच्याच वयाचे सावत्र मुलगे! त्या घरात तिने कसे दिवस काढले असतील याची कल्पना करा.

कर्ता पुरुष गेला आणि घरातला धर्म बदलला. दारावरची पट्टी फिकी पडली, पुढे दिसेनाशी झाली. बायकांच्या राज्यात ग्वानयिन आली. ग्वानयिन म्हणजे करुणेची देवी. मूळची ती आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये गेल्यावर तिचे रूप स्त्रीचे झाले. मुलगा अशक्त, सारखा आजारी, म्हणून आई देवळात नवस बोलायची आणि त्यालाही पाया पडायला लावायची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चीनमधल्या सामान्य घरात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या, चुलीवरचा देव, ग्वानयिन, ताओपंथी पुजाऱ्याचा तोडगा हे सगळे एकत्र नांदत असे. आपण बौद्ध की ताओपंथी असा प्रश्न कोणाला पडत नसे. धर्म या अर्थाचा आजचा चिनी शब्दसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जपानमधून आलेला आहे. त्याआधी या साऱ्याला एक नाव द्यायची गरजच वाटली नव्हती.

जादा फी

शांगच्वांगच्या शाळेत एका मुलाची वर्षाची फी होती चांदीचे दोन डॉलर. एवढ्या फीत गुरुजी फक्त पाठांतर करून घेत. अर्थ सांगायची भानगड नाही. पोरे अख्खी पुस्तके धडाधड म्हणत आणि त्यातले अवाक्षर त्यांना कळत नसे. (आपल्याकडे याला व्हायवाची तयारी म्हणतात.)

फेंग शुन्दीने पहिल्याच वर्षी सहा डॉलर भरले. अट एकच : माझ्या मुलाला प्रत्येक शब्दाचा, प्रत्येक वाक्याचा अर्थ समजावून सांगायचा. पुढे दरवर्षी ती फी वाढवत गेली आणि शेवटच्या वर्षी बारा डॉलरवर पोहोचली. स्वतः फारसे न शिकलेल्या बाईने घेतलेला हा निर्णय. हू शीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया इथे घातला गेला, आणि त्याच्या नास्तिकतेचासुद्धा! कारण अर्थ कळायला लागला की प्रश्न पडायला लागतात.

तोवर मुलगा भाविकच होता. नात्यातल्या एका मुलाचे पाहून त्याने कागदी खोक्यातून कन्फ्यूशियसचे छोटे देऊळ बनवले. आईला आनंद झाला. तिने त्यासाठी टेबल दिले, उदबत्त्या दिल्या. पण त्याच मुलाला नरकाची भयंकर भीती वाटे. मेल्यावर दहा राजांच्या दरबारांत न्याय होतो, बैलाच्या आणि घोड्याच्या तोंडाचे शिपाई लोखंडी त्रिशूळ घेऊन पाप्यांना टोचतात, कापतात, दळतात, अशी चित्रे आणि कथा सगळीकडे असत. अंथरुणात पडल्यावर हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे यायचे.

एके दिवशी जुन्या धड्याची उजळणी करताना सीमा ग्वांगचा एक उतारा समोर आला. (सीमा हे आडनाव बरं का! हा अकराव्या शतकातला मोठा इतिहासकार.) त्याचे म्हणणे असे, की माणूस मेला की शरीर कुजते आणि प्राण हवेत विरून जातो. मग नरकात कापायला, जाळायला, दळायला उरतेच काय? मुलाने तो उतारा पुन्हा पुन्हा वाचला. डोक्यावरचे ओझे उतरले. आनंदाने उडी मारावीशी वाटली.

पुढे त्याच सीमा ग्वांगचा १०८४ मध्ये पूर्ण झालेला, २९४ खंडांचा इतिहास तो वाचू लागला. त्यात त्याला फान चेन भेटला. फान चेन हा पाचव्या-सहाव्या शतकातला विद्वान. बौद्ध धर्माची भरभराट होती, राजे आणि सरदार भिक्षूंच्या मागे लागलेले होते, अशा काळात त्याने आत्मा अमर नसतो असे ठणकावून सांगितले. शरीर म्हणजे सुरी आणि आत्मा म्हणजे तिची धार. सुरी नाहीशी झाल्यावर धार मागे राहिली असे कोणी पाहिले आहे का? मग शरीर गेल्यावर आत्मा कसा राहील? एका राजपुत्राने त्याला विचारले, की कर्मफळ नसेल तर एक माणूस श्रीमंत आणि दुसरा गरीब का? फान चेनने झाडाच्या फुलांचा दाखला दिला. वारा सुटला की एकाच झाडाची काही फुले गालिच्यावर पडतात, काही संडासात. त्यात फुलांचे पूर्वजन्मीचे पुण्य काय? नंतर सम्राट वू याने त्याच्या विरोधात साठाहून अधिक जणांकडून उत्तरे लिहून घेतली. फान चेनने आपले मत सोडले नाही.

सीमा ग्वांगने फान चेनचा हा युक्तिवाद अवघ्या पस्तीस चिनी अक्षरांत दिला आहे. त्या पस्तीस अक्षरांनी हू शी अकराव्या वर्षी नास्तिक झाला. (चिनी पद्धतीत जन्मल्याबरोबर मूल एक वर्षाचे धरतात, म्हणजे आपल्या हिशोबाने दहाच.) चौदाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस खेड्यातल्या एका पोराला येऊन भेटला. चीनमध्ये देव न मानणे ही परदेशी वस्तू नाही, ती घरचीच आहे, हे यावरून कळते.

कंदिलांची रात्र

आता या कथेतला खरा किस्सा. तेराव्या वर्षी, कंदिलांच्या सणाच्या दिवशी, हू शी बहिणीच्या गावाहून भाचा आणि घरचा गडी यांच्याबरोबर परतत होता. आईच्या माहेरच्या गावाजवळ, वाटेवरच्या एका मंडपात मातीच्या काही मूर्ती होत्या. आपले नास्तिक महाराज तिथे थांबले आणि म्हणाले, या मूर्ती उपटून संडासात टाकू या. भाचा घाबरला, गडी तर थरथरला. त्याने हात धरून थांबवले तरी पठ्ठ्याने दगड उचललेच. तेवढ्यात माणसे आली म्हणून देव वाचले.

घरी आल्यावर रिकाम्या पोटी चार घोट दारू पोटात गेली आणि ती चढली. पोरगा रस्त्यावर पळत सुटला आणि चंद्राला ओरडून खाली बोलवायला लागला, कंदील बघायला ये म्हणून. आईने माणसे पाठवून धरून आणले. गड्याने हळूच आईच्या कानात दुपारचा प्रकार सांगितला. झाले! मंडपातला देव कोपला, अंगात आला, असे तिला वाटले. हू शीने ते ऐकले आणि त्याच्या लक्षात आले, की मार चुकवायची ही नामी संधी आहे. मग तो आणखीनच बरळायला लागला. आईने हात धुतले, उदबत्ती पेटवली आणि आकाशाकडे बघून माफी मागितली. लेकरू अजाण आहे, त्याला सोडा, आम्ही येऊन पूजा करू.

महिनाभराने नवस फेडायचा दिवस आला. साग्रसंगीत नैवेद्य तयार झाला आणि ज्या मूर्तींना संडासात टाकायचे होते त्यांच्यापुढे या नास्तिकाला गुडघे टेकून डोके जमिनीला लावावे लागले. हसू दाबून त्याने ते मुकाट्याने केले. अंगात देव नव्हता, ते सगळे आपलेच नाटक होते, हे आईला सांगायची हिंमत त्याला पुढे कित्येक वर्षे झाली नाही.

सफरचंदे आणि ब्रँच बदल

१९०४ मध्ये तो शिकायला शांघायला गेला. जाण्यापूर्वी आईने त्याचे लग्न ठरवून टाकले होते, जन्मवेळेचे टिपण जुळवून. (ओळखीचे वाटते ना?) शांघायमध्ये हक्स्लेच्या पुस्तकाचा चिनी अनुवाद वाचून पोरे उत्क्रांतीवादाने झपाटलेली होती. बळी तो कान पिळी या सिद्धांतातला परिस्थितीला योग्य असा अर्थाचा शब्द म्हणजे शी. भावाच्या सुचनेवरून त्याने तेच नाव घेतले.

१९०८ मध्ये तो दर दहा दिवसांनी निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका पत्राचा संपादक होता. भुतेखेते आणि देवदेवता यांच्यावर त्याने त्यात तिखट लेख लिहिले. एका लेखात तर त्याने एका प्राचीन ग्रंथातल्या कायद्याचा आधार घेतला : भुताखेतांच्या नावाने लोकांना फसवणाऱ्याला ठार मारावे! सतरा वर्षांचा मुलगा, डोक्यात सत्य सापडल्याची धुंदी. हा लेख लक्षात ठेवा, तो शेवटी पुन्हा येणार आहे.

१९१० मध्ये अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली. निवडलेल्या ७० जणांत त्याचा नंबर ५५ वा. भावाचा आग्रह रेल्वे किंवा खाणकाम शिकण्याचा. घर बुडत चाललेले, तेव्हा पैसा मिळवून देणारी ब्रँच घे! हू शीने मधला मार्ग म्हणून कॉर्नेल विद्यापीठात शेतकी घेतली. तिथे फळशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलावर तीस-चाळीस सफरचंदे ठेवली आणि त्यांच्या जाती ओळखायला सांगितल्या. अमेरिकन मुलांचे काम अर्ध्या तासात झाले. हू शी अडीच तास झगडला आणि त्यातूनही निम्मी-अर्धी, बरीचशी चुकीची. घरी आल्यावर त्याने विचार केला, की या सफरचंदांच्या जाती आयुष्यात मला कशाला लागणार? १९१२ मध्ये त्याने तत्त्वज्ञानाकडे मोर्चा वळवला. ब्रँच चुकली म्हणून रडत बसणाऱ्यांनी या सफरचंदांची आठवण ठेवावी.

याच काळात नास्तिकाची गाडी एकदा रुळावरून घसरली. १९११ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका ख्रिस्ती विद्यार्थी शिबिराला तो गेला. घरापासून दूर, एकटेपणा, जवळचा मित्र नुकताच गेलेला. रात्री एकाने आपल्या मनःपरिवर्तनाची हृदयद्रावक कहाणी सांगितली. ज्यांना ख्रिस्ती व्हायचे आहे त्यांनी उभे राहावे म्हटल्यावर सात जण उभे राहिले, त्यांत हू शी एक! पण तो बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला नाही. शांतपणे विचार केल्यावर भावनेला हात घालून माणूस वळवण्याच्या त्या पद्धतीचाच त्याला राग आला. ख्रिस्ती मित्रांशी मैत्री मात्र टिकली.

आईच्या शब्दाखातर

१९१५ ते १९१७ हू शी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या हाताखाली शिकले. कुठलीही कल्पना म्हणजे तात्पुरते गृहीतक, ते परिणामांवरून तपासायचे, ही ड्यूईंची शिकवण त्यांनी जन्मभर धरून ठेवली. १९१७ च्या आरंभी त्यांचा भाषासुधारणेवरचा लेख गाजला. पंडितांची अभिजात भाषा सोडून बोलीत लिहा, असे त्यांनी सांगितले आणि पुढच्या काही वर्षांत चीनचे लिखाण खरोखरच बदलले. त्याच वर्षी, पंचविशीत, ते पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आणि डिसेंबर १९१७ मध्ये गावी जाऊन त्यांनी आईने ठरवलेल्या मुलीशी, च्यांग तुंगश्यू हिच्याशी, लग्न केले. सगळ्या देशातल्या तरुणांना बंडाची भाषा शिकवणारा माणूस स्वतः मात्र न पाहिलेल्या मुलीशी लग्न करतो, यावर तेव्हाही टीका झाली. त्यांना आईचे मन मोडवले नाही. विधी मात्र त्यांनी कापले. आकाश आणि धरती यांना नमस्कार नको, असे ठरवले. पूर्वजांनाही करायचा नव्हता. पण तिथे आई अडून बसली. मग तिसऱ्या दिवशी नवरा-नवरी कुळाच्या पूर्वजगृहात गेली आणि गुडघे न टेकता तीन वेळा नुसती वाकली. दोघांनीही थोडे थोडे सोडले.

याच मुक्कामात त्यांनी आईला कबुली दिली, की त्या कंदिलांच्या रात्री अंगात आलेला देव नव्हता, मीच होतो. ती हसली.

अमर कोण?

हे हसू फार दिवस टिकले नाही. २३ नोव्हेंबर १९१८ रोजी आई वारली. वय जेमतेम पंचेचाळीस. हू शी पेकिंगहून धावत गावी गेले, आणि आता परीक्षा होती. व्याख्यानात रूढी मोडणे सोपे, आईच्या प्रेतयात्रेत मोडून दाखवा!

त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. चिनी मृत्युपत्रिकेत एक ठराविक वाक्य असे, त्याचा अर्थ असा की मुलाच्या घोर पापामुळे आईवर मरण ओढवले. ते त्यांनी काढून टाकले, कारण ते खोटे होते. मृताला परलोकात उपयोगी पडाव्यात म्हणून जाळायच्या कागदी वस्तू आणि सोन्यारुप्याचे कागद कोणी आणू नयेत, असे कळवले. तासन् तास चालणारे विधी आटोपशीर केले. पण एक उदबत्ती किंवा शोकाच्या ओळी कोणी आणल्या तर त्या नाकारल्या नाहीत. जे खोटे वाटले ते टाकले आणि जे प्रेमाने आले ते घेतले.

आईच्या जाण्याने मात्र त्यांना एका प्रश्नाने गाठले. आत्मा नाही, स्वर्ग नाही, तर मग ही बाई संपली का? चीनमध्ये जुने उत्तर होते, की शील, कार्य आणि वाणी या तिन्हींमुळे माणूस अमर होतो. पण ते उत्तर फक्त थोरामोठ्यांचे. जी बाई फारशी शिकलेली नव्हती, जिने जगात नाव होईल असे काही केले नाही, तिचे काय?

१९१९ च्या आरंभी त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्यालाच आपला धर्म म्हटले. विचार असा : एकेक माणूस म्हणजे लहान मी, तो मरतो. समाज म्हणजे मोठा मी, तो चालू राहतो. लहान मी जे जे करतो, चांगले किंवा वाईट, छोटे किंवा मोठे, ते सगळे मोठ्या मी मध्ये मुरते आणि कधीच पुसले जात नाही. रस्त्यावर थुंकलेल्या क्षयाच्या जंतूंनी पुढे कितीजण मरतील सांगता येत नाही. तसेच चांगुलपणाचेही आहे. म्हणून नरकाच्या भीतीने नव्हे, तर या जबाबदारीच्या जाणिवेने नीट वागायचे. १९२३ मध्ये विज्ञान आणि जीवनदृष्टी यांवर मोठा वाद झाला तेव्हा त्यांनी हेच दहा मुद्द्यांत मांडले. खगोलशास्त्र आणि भूगर्भशास्त्रापासून सुरुवात करून, विश्वाला कर्त्याची गरज नाही असे सांगत, शेवट मात्र याच मोठ्या मी वर. मिशनऱ्यांनी त्याला हू शीच्या दहा आज्ञा असे गमतीचे नाव दिले.

भिंतीवरचे मंत्र आणि एक गुरुबंधू

हू शी फक्त देवळांवर तुटून पडत होते असे समजू नका. १९२८ मध्ये, राष्ट्रवादी पक्षाच्या घोषणांनी चीनच्या भिंती रंगल्या होत्या तेव्हा, त्यांनी एक झणझणीत लेख लिहिला. चिनी लोकांना धर्म नाही असे कोण म्हणतो? त्यांचा एक महान धर्म आहे, शब्दपूजेचा! आजी दारावर शुभशब्दांचा कागद चिकटवते, ताओपंथी पुजारी मंत्राचा ताईत देतो, आणि तरुण मुले भिंतीवर साम्राज्यवाद मुर्दाबाद लिहितात. तिघांचाही विश्वास एकच, की शब्द लिहिला म्हणजे काम झाले.

दुसरा विषय बौद्ध धर्माचा. १९२६ मध्ये पॅरिस आणि लंडनच्या ग्रंथालयांत तुनह्वांगच्या जुन्या हस्तलिखितांत त्यांनी झेन पंथातल्या शनह्वै या भिक्षूची विसरलेली वचने शोधून काढली आणि झेनचा रूढ इतिहास बराचसा मागाहून रचलेला आहे असे दाखवले. १९३६ मध्ये हार्वर्डमध्ये त्यांनी चीनच्या भारतीयीकरणावर निबंध वाचला. भारतातून आलेल्या या धर्माने चिनी माणसाला ऐहिक जगापासून दूर नेले, असा त्यांचा सूर होता. हे मत आपल्याला टोचेल, आणि ते एकांगी होते हेही खरे. पण १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर चीनला आले, डाव्या तरुणांनी त्यांच्या विरोधात पत्रके वाटली, तेव्हा टागोरांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे असे सांगणाऱ्यांत हू शी पुढे होते. पेकिंगमध्ये टागोरांच्या वाढदिवसाच्या समारंभाचे अध्यक्षही तेच.

आपल्या दृष्टीने आणखी एक योगायोग. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियातच होते आणि त्यांनाही ड्यूईंनी शिकवले. एकाच गुरूचे दोन विद्यार्थी. एकाला वाटले, बौद्ध धर्म हे आपल्या समाजावरचे ओझे आहे. दुसऱ्याने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंसह तोच धर्म स्वीकारला, कारण त्यात त्याला समतेची वाट दिसली. शिकवण एकच होती : परंपरेची परीक्षा घ्या. पेपर मात्र दोघांचे वेगळे होते, कारण समाज वेगळे होते.

पन्नास वर्षांनी

पुढचा इतिहास धावता. १९३८ ते १९४२ हू शी चीनचे अमेरिकेतले राजदूत होते. १९४६ पासून पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू. डिसेंबर १९४८ मध्ये कम्युनिस्ट फौजांनी शहर वेढले तेव्हा ते विमानाने निघून गेले. धाकटा मुलगा हू सदू मागेच राहिला. १९५० मध्ये त्याने वडिलांचा जाहीर धिक्कार केला. त्यानेही तो वाचला नाही. १९५७ मध्ये, उजव्यांविरुद्धच्या मोहिमेत, त्याने आत्महत्या केली. १९५४-५५ मध्ये खुद्द हू शींच्या विचारांविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली. त्या टीकालेखांचे आठ खंड निघाले! गंमत बघा, ज्या राजवटीचे अधिकृत मत निरीश्वरवाद, तिला हा नास्तिक चालला नाही. कारण तो सगळ्यांनाच प्रश्न विचारायचा.

१९५८ मध्ये ते तैवानला अकादेमिया सिनिका या संस्थेचे अध्यक्ष म्हणून आले. आणि १९५९ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी सहिष्णुता आणि स्वातंत्र्य या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी सतराव्या वर्षीचा तो जुना लेख स्वतःच बाहेर काढला, देवभोळ्यांना फसवणाऱ्यांना ठार मारा असे सांगणारा. आपण ज्या कायद्याचा आधार घेतला, त्याच कायद्यातल्या दुसऱ्या कलमांनी कोणत्याही नव्या विचाराच्या माणसाचा गळा कापता आला असता, हे तेव्हा आपल्या ध्यानातही आले नव्हते, असे ते सांगतात. आजही मी ईश्वर आणि अमर आत्मा मानत नाही, हेही ते स्पष्ट लिहितात. पण एवढ्या श्रद्धावान जगाने माझी अश्रद्धा पन्नास वर्षे सहन केली, मला दगड मारले नाहीत, कोंडले नाही. मग त्या जगाची श्रद्धा सहन करणे हे माझेही कर्तव्य आहे. स्वातंत्र्यापेक्षाही सहिष्णुता महत्त्वाची, कारण ती नसेल तर स्वातंत्र्य उरतच नाही.

ते अगदी निष्कलंक वीर होते असे नाही. १९६० मध्ये तैवानच्या सरकारने त्यांचे मित्र, संपादक लै चन यांना तुरुंगात टाकले, तेव्हा हू शींनी पुरेसा आवाज उठवला नाही अशी टीका झाली आणि ती त्यांना आयुष्याच्या शेवटपर्यंत बोचली.

२४ फेब्रुवारी १९६२ च्या संध्याकाळी, तैपेईजवळ नानकांग येथे संस्थेच्या नव्या सदस्यांच्या स्वागतसमारंभात ते बोलले आणि थोड्याच वेळात हृदयविकाराने कोसळले. त्यांची जुनी विद्यार्थिनी, जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ च्येन-श्युंग वू, त्या दिवशी तिथे हजर होती. संस्थेसमोरच्या टेकडीवर त्यांचे थडगे आहे. ज्या चीनने त्यांच्यावर आठ खंड टीका छापली, तिथेच २००३ मध्ये त्यांचे समग्र साहित्य ४४ खंडांत निघाले, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या आन्हुई प्रांतातून.

चिनी माणूस फारसा धार्मिक नाही, असे हू शींचे मत होते. त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, यांग छिंगखुन या समाजशास्त्रज्ञाने एक ग्रंथ लिहून ते खोडून काढले. चीनमध्ये धर्म वेगळ्या इमारतीत राहत नाही, तो घरात, धंद्यात, गावकीत विरघळलेला असतो, म्हणून पंडितांना दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीचे ते १० टक्के आणि ७५ टक्के आठवा, म्हणजे यांग यांचा मुद्दा पटेल.

पण मित्रांनो, हू शींचे पुस्तकी मत चुकले तरी त्यांचे जगणे चुकले नाही. आपल्याकडे नास्तिक झालेला मुलगा सुट्टीत घरी गेला की पहिल्याच दिवशी आरतीवरून भांडण होते. एक तर तो घरच्यांना मूर्ख म्हणतो, नाहीतर घरचे त्याला शिकून बिघडलेला म्हणतात. हू शींनी खोट्यापुढे मान तुकवली नाही आणि माणसालाही लाथाडले नाही. मूर्तीपुढे डोके टेकले ते देवासाठी नव्हे, आईसाठी. पुढे तिला खरे काय तेही सांगितले. तीही हे ऐकून हसू शकली. पोराला अर्थ कळावा म्हणून जादा फी भरणारी बाई होती ती. अर्थ कळल्यावर पोरगा कुठल्या कुठे जाईल, याची भीती तिने बाळगली नव्हती.